सावित्री, डिकोहेरन्स आणि अकरा श्रोते

गुहागर, मंगळवार

प्रिय भागोजी,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचं आणि अलोऱ्याच्या हवेचं अजून पटत असेल, असं धरून चालतो. मी ठीक. साखर तेवढी वाढली आहे. (चहा आता मीच करतो, हात धरणारं कुणी नाही.)

सावित्रीच्या तेराव्याला पंगतीत तू म्हणालास, की क्वांटमचा 'अनेक जगं' हा अर्थ, म्हणजे प्रत्येक शक्यता कुठल्यातरी जगात घडतेच, हा खरा मानला तर वहिनी कुठल्यातरी जगात अजून आहेत. तीस वर्षं एकाच शाळेत आपण पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून तुला पानावरून उठवलं नाही. बोलणं मात्र टाकलं. त्याला आठ महिने झाले.

तुझं म्हणणं खोडायचं म्हणून परवा वाचनालयात डिकोहेरन्सवर व्याख्यान दिलं. फळ्यावर क्वांटमच्या 'पुंजभौतिकी'चं 'पूजाभौतिकी' झालं होतं, त्यामुळे अकरा श्रोत्यांत चार बायका फुलं घेऊन आल्या. मी सांगितलं, की कणाच्या दोन शक्यता एकत्र नांदतात. पण हवा, उजेड, धूळ त्याला सारखे धक्के देतात, त्याची खबर सभोवार पसरते आणि त्या दोघींचा मेळ तुटतो. बघायला माणूस लागतच नाही. (इथे एक गृहस्थ झोपले.) ती खबर नाहीशी होत नाही, पण इतकी पसरते की पुन्हा गोळा करता येत नाही.

शेजारच्या गंगुबाईंनी मांडीवरचं फुलांचं ताट खाली ठेवलं. "म्हणजे मास्तर, आमची सावित्रीपण अशीच पसरली काय ओ?"

मी डस्टर शोधू लागलो. तो हातातच होता. म्हटलं, तसं नाही, हे कणांचं आहे.

"मग राहणं नि जाणं, दोन्हीतलं हेच का झालं?"

डिकोहेरन्स ते सांगत नाही, भागोजी. तुला ते ठाऊक आहे, मलाही होतं. "माहीत नाही," एवढं बोलून मी खाली बसलो. मग चिटणीसांनी घाईघाईने आभार मानले, आणि झोपलेले गृहस्थ उठून टाळ्या वाजवू लागले.

तुझा,
आत्माराम

ता.क. तुझं म्हणणं मला आजही चूकच वाटतं.

आणखी एक. येत्या शनिवारी चार वाजता, विषय 'अनेक जगं', वक्ते तू, असं न विचारता फळ्यावर लिहून आलो आहे. मी पहिल्या रांगेत बसेन, मध्ये बोलणार नाही. 'वहिनी अजून आहेत' हे वाक्य तेवढं सावकाश सांग.