श्रावणीचे दंड

अकोला, ६ जानेवारी २०२५

चि. श्रावणीस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हूं हूं करतेस, म्हणून पत्र. तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या कमलाकांत वकिलांचा, फोन आला होता. पोरगी जिममध्ये लोखंड उचलून राहिली, हेच रडगाणं. एकोणिसाला मूर्तिजापूरचे लोक तुला बघायला येणार आणि तुझे दंड पहिलवानासारखे दिसणार, या धास्तीने त्याची झोप उडाली आहे. लग्न ठरेपर्यंत जिम बंद कर असं तो म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. जुन्या मापाच्या बाह्यांचा घेर दोन इंच वाढवून कोपरापर्यंतचा ब्लाउज शिवून पाठवते आहे. दंड झाकले जातील.

लोभ आहेच, राग मात्र आवर.

तुझी,
कुंदाआत्या

अमरावती, २० जानेवारी

ती. कुंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ब्लाउज मिळाला. त्यात माझ्यासोबत आईही मावली असती! विद्यापीठातल्या एका मॅडमनी संशोधनासाठी आम्हा जिमच्या मुलींच्या मांड्यांचे आतले फोटो एमआरआय मशीनवर काढले होते, व्यायामाआधी आणि काही महिन्यांनी. माझ्या मांडीचा घेर जवळपास तेवढाच, पण स्नायूंत शिरलेली चरबी कमी आणि जोर जास्त. कापसाची गाठ तेवढीच, कचरा कमी. दंडांचंही तेच झालं असणार.

आईने बाह्या टाचण्यांनी आवळल्या. काल पाहुण्यांना पोहे देताना एक टाचणी टोचली आणि मी किंचाळले. मुलाच्या आईने विचारलं, तेव्हा मी सगळंच सांगून टाकलं. बाई हसल्या, आणि मग म्हणाल्या की लग्नानंतर जिम सोडावी लागेल. मी नाही म्हटलं. मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. चहा न घेताच मंडळी उठली.

आता बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जिम कायमची बंद, असं त्यांनी आईकरवी कळवलंय. आत्या, मला फार रडू येतं. तिथे मला माझं अंग माझं वाटतं. तू त्यांच्याच बाजूची, तरी लिहिते.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
श्रावणी

अकोला, २५ जानेवारी

चि. श्रावणीस,
अ. उ. आ.

टाचणीपाशी मी पोट धरून हसले. पुढचं वाचून हसू गेलं. बाह्या मी तुझ्या नाही, माझ्या भीतीच्या मापाने शिवल्या होत्या.

काल कमलाकांतला फोन लावला आणि वकिलाला बोलूच दिलं नाही. म्हटलं की कमल्या, पोरीच्या अंगात जोर आहे तर तुले काहून दुखून राहिलं? त्या मूर्तिजापूरवाल्याईले रोगट सून पाह्यजे होती का? पोरगी रडली तर मी अमरावतीले येऊन तुह्या घरी मुक्काम ठोकीन. माझ्या मुक्कामाला तो हायकोर्टापेक्षा जास्त भितो. जाऊ दे तिला जिमला, म्हणाला.

मी कॉलेजात कबड्डी खेळायचे, हे तुला कोणी सांगितलं नसेल. लग्न ठरलं, तुझे आजोबा सोड म्हणाले, मी सोडली. आज जिना चढताना कठडा धरते. तेव्हा घरातलं एकही माणूस मला जे बोललं नाही, ते मी तुला सांगते: सोडू नकोस.

तुझीच,
कुंदाआत्या