सदऱ्याचं माप, अंगाचं माप

दादा, परवा आठवीच्या वर्गात मी तुमच्या दोन्ही रीती फळ्यावर लिहिल्या. त्यानंतर जे झालं ते कोणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला पुढचा धडा सुरू करवत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमची लेक गणिताची शिक्षिका झाली हे तुम्हाला माहीत नाही. देवगाव फाट्यावर उतरून पुढे दुसरी गाडी धरावी लागते, अशा एका गावातली ही शाळा. नोकरी अजून कायम झालेली नाही. शाळेजवळ एक खोली भाड्याने मिळाली आहे. घरमालकीणबाई मायाळू आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओसरीवर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या आडनावावरून काई अंदाज येईना बगा." मी म्हणाले, "आम्ही मानवतचे." त्या हसल्या. "मानवतला तर लय लोक हायेत," म्हणाल्या आणि थांबल्या. मी चहा प्यायले. त्यानंतर रोज त्या घरातल्याच कपात चहा येतो, आणि रोज पहिला घोट घेताना मला वाटतं की आपण काहीतरी न विचारता घेतो आहोत. वर्तमानपत्रात विद्यापीठाच्या नामांतराची बातमी असली की शिक्षकांच्या खोलीतले आवाज खाली जातात. तेव्हा मी वह्या तपासायला घेते.

या मुलांना आकडेमोड येते. समीकरण तयार करून दिलं तर ती भराभर सोडवतात. अडतं ते शब्दांपाशी. पुस्तकात उदाहरण आहे: एका टोपलीत काही पेरू आहेत, दुसरीत त्याच्या निमपटीपेक्षा दोन जास्त. यावरून बैजिक राशी लिहा. मुलं लिहितात, क्ष म्हणजे पेरू. मी म्हणते, पेरू नाही, पेरूंची संख्या. ती मान हलवतात आणि पुढच्या उदाहरणात क्ष म्हणजे म्हशी लिहितात. उलटं करायला सांगितलं, म्हणजे राशी देऊन ती शब्दांत मांडायला सांगितली, की वर्ग गप्प. एकदा मी फार वैतागून विचारलं, "अरे, क्ष म्हणजे काय, ते कोणी सांगेल का मला?" तर मागून एकजण म्हणाला, "क्ष क्षत्रियाचा, बाई." सगळा वर्ग खिदळला. मीही हसले, पण खोलीवर येऊन मला वाईट वाटत राहिलं. दोन महिने शिकवून मुलांना अक्षर तेवढं दिसत होतं, त्यामागची गोष्ट दिसत नव्हती. चूक माझ्या शिकवण्यात असणार. मला कोणी कसं शिकवलं होतं, ते मी आठवू लागले.

मी आठ वर्षांची आहे. आपण गाव सोडून मानवतला आलो आहोत आणि माझं नाव कुठल्याच शाळेत नाही, कारण जुन्या शाळेतून दाखला आणायला गावात परत जायला कोणी तयार नाही. तुम्ही बाजारात पत्र्याच्या एका शेडखाली समाजकल्याणकडून मिळालेली शिलाई मशीन मांडली आहे. मशीनच्या डाव्या अंगाला गोणपाटावर मी बसते, पुढ्यात पाटी. दोन वर्षं तीच माझी शाळा. तुम्ही चौथी शिकलेले. बीजगणित हा शब्द तुम्ही कधी उच्चारला नाहीत. तुम्ही गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावता, आकडा मला सांगता आणि रीत बोलून दाखवता: "छातीचा चौथा हिस्सा घे, त्यात दोन इंच मिळव." मी हिशेब करून पाटीवर उत्तर लिहिते, तुम्ही तेवढं कापड खडूने आखता. माणूस बदलला की आकडा बदलतो, पण रीत तीच राहते. घरी गेल्यावर दिवसभराच्या रीती मायला समजावून सांगायला तुम्ही मला लावायचात. माय चुलीपुढे भाकऱ्या थापत असे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मला काई कळंना." मग तुम्ही म्हणायचात, "तिला कळंना म्हंजे तुलाच कळलं न्हाई. फिरून सांग." मी फिरून सांगायची. तव्यावरची भाकरी कधीकधी तोवर करपायची, आणि बोलणी तुम्हाला बसायची, मला नाही.

एक रीत तुम्ही वेगळी सांगायचात. कोणी जुना सदरा माप म्हणून आणून दिला, तर सदऱ्याच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा आणि फक्त अर्धा इंच मिळवायचा. सदरा आधीच अंगापेक्षा सैल असतो, त्यामुळे शिलाईपुरतं वाढवलं की पुरे. मी दोन्ही रीती घोकल्या होत्या. तरी एके दिवशी घोटाळा केला. एक काटकुळा हमाल स्वतःचा सदरा टाकून कामावर गेला होता. तुम्ही घेर मोजून म्हणालात, "चाळीस." मी चौथा हिस्सा दहा, अधिक दोन, बारा असं लिहून मोकळी झाले. तुम्ही पाटी पाहिली, काही न बोलता बाराने आखलं, कापलं, शिवलं. संध्याकाळी तो हमाल आला, सदरा अंगात घातला आणि म्हणाला, "उस्ताद, ह्यात मी न् माजी बायकू दोघं मावताव की!" आजूबाजूची माणसं हसली. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"चाळीस कशाचं लिवलंस?"

"छातीचं."

"ह्या गड्याची छाती चाळीस? तालीम करतो व्हय ह्यो?"

मी रडायच्या बेतात.

"सदऱ्याचं होतं ते. आकडा लिवायच्या आदी, कशाचं माप हाय ते लिव. ते लिवलं न्हाई तर पुढचं समदं बरुबर असून चुकतंय."

मग दोन्ही बाजूंची शिवण मला उसवायला लावलीत. हात दुखेपर्यंत मी उसवत होते. आता वाटतं, पाटी पाहिली तेव्हाच तुम्हाला चूक कळली होती. मोठं बेतलेलं लहान करता येतं, म्हणून तुम्ही मला ती चूक शेवटपर्यंत पाहू दिलीत. त्याच दिवशी घरी जाताना मी तुम्हाला विचारलं होतं, "गावात तर आपण नेहमी जुन्या सदऱ्यावरूनच माप घ्यायचो. टेप का नव्हतो लावत?" तुम्ही चालत राहिलात. "गावात तशी रीत होती," एवढंच म्हणालात. मीही पुढे विचारलं नाही.

ते मला मायने सांगितलं, आत्ता, या नोकरीसाठी मी सामान बांधत होते तेव्हा. "गावात ह्यांनी कुनाच्या अंगाला टेप लावली न्हाई कदी," ती म्हणाली. "लोक ओसरीच्या खाली जुना सदरा टाकायचे. ह्यांनी तो उचलायचा, त्यावरून मापायचं, नवा शिवून पुन्हा तिथंच ठिवायचा. कापडाचा इटाळ होत नव्हता, हाताचा तेवढा होत होता. म्हनून ह्यांनी ती दुसरी रीत बसवली." मग ती म्हणाली, की मानवतला पहिल्यांदा एका अनोळखी माणसाने तुमच्यापुढे हात वर करून छाती मोजायला दिली, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. आनंदाने की कशाने, ते तिलाही सांगता आलं नाही. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. इतकी वर्षं मी त्या रीतीला तुमची हुशारी समजत होते. ती हुशारीच होती. पण तुम्हाला ती कशासाठी करावी लागली, ते कळल्यापासून मला ती नुसती रीत म्हणून म्हणता येत नाही.

आणि तरी परवा मी ती वर्गात नेली, कारण क्ष म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं मला काही सुचलं नाही. मानवतहून नवी टेप आणली. एका मुलाला पुढे उभं केलं, दुसऱ्याला त्याची छाती मोजायला सांगितली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते, दादा. माझं सगळं लक्ष तिथेच होतं. कोण कोणाच्या घरचा ते मला आता माहीत झालं आहे. कोणी मागे सरकलं नाही. गुदगुल्या झाल्या म्हणून तो मुलगा तेवढा वाकडातिकडा झाला. छाती अठ्ठावीस. मग त्याने हसतहसत सदरा काढून दिला, त्याचा घेर पाव इंच इकडेतिकडे सोडून चौतीस. मी फळ्याच्या एका बाजूला लिहिलं, "क्ष म्हणजे छातीचं माप, इंचांत," आणि दुसऱ्या बाजूला, "य म्हणजे सदऱ्याच्या घेराचं माप, इंचांत." आकडे पुसायला लावून रीती बोलून दाखवल्या. मुलांनी वहीत राशी लिहिल्या: क्ष भागिले चार अधिक दोन, य भागिले चार अधिक अर्धा. मग आकडे घातले. सात अधिक दोन, नऊ. साडेआठ अधिक अर्धा, नऊ. "दोन्हीकडून नऊच!" एकजण ओरडला. मग मी मुद्दाम क्षच्या जागी चौतीस घालायला लावले. साडेदहा आले, आणि कोणीतरी म्हणालं, "बाई, ह्ये झबलं व्हईल!" दोन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की समोरच्या चाळीस जणांना त्या अक्षरामागे काहीतरी उभं असलेलं दिसतं आहे. तुम्ही तिथे असायला हवे होतात.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून घरमालकीणबाईंची मुलगी उठली. हुशार आहे. वर्गात काय झालं ते दिवेलागणीच्या आत घरी सांगते. तिने विचारलं, "पण बाई, माणूस समोर असल्यावर सरळ अंगाचंच माप घ्यावं की. सदऱ्याची रीत काढलीच कशाला?" प्रश्न बरोबर होता. मीही तोच विचारला होता. मागून एक आवाज आला, "शिंपी लाजत असंल!" सगळे हसले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. गावाच्या ज्या बाजूला आपली वस्ती असायची, त्याच बाजूला इथे तिचं घर आहे. ती माझ्याकडे बघत होती. तिला काय माहीत होतं, कुणास ठाऊक. दुसऱ्या बाकावरचीने पुन्हा विचारलं, "तुमाला कोनी शिकवली बाई ही रीत?"

मी म्हणाले, "एक शिंपी होते. त्यांनी सोयीसाठी काढली."

दादा, यातला एक एक शब्द मी नंतर तपासला. एक शिंपी होते, हे खरं आहे. त्यांनी काढली, हेही खरं आहे. सोयीसाठी, हे खोटं आहे. निदान तुमच्या सोयीसाठी नव्हती. आणि 'एक' म्हणून मी जे केलं, त्याला खोटं म्हणता येत नाही आणि खरंही म्हणता येत नाही. कशाचं माप ते न लिहिता मी नुसता आकडा ठेवून दिला. संध्याकाळी चहा आला. घरमालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आज शिंपीकाम शिकवलं म्हनं पोरांना!" मी हो म्हणाले. मध्ये दोन दिवस सुट्टी होती. उद्या दुसरा तास आठवीचा आहे. "ते माझे वडील होते, आणि गावात त्यांना कोणाला हात लावता येत नव्हता," एवढं मी खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं आहे. खोलीत म्हणता येतं. खोली जाईल, नोकरी कायम व्हायची राहील, मुलं हसायची थांबतील, यांतल्या नेमक्या कशाला मी भितेय ते मला वेगळं काढता आलेलं नाही. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला मात्र उत्तर द्यायचं राहिलं आहे, आणि तिने तर काही विचारलंही नव्हतं.

हे पत्र मी मायलाही दाखवणार नाही. तिला वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवायला बसले तर शेवटपर्यंत वाचावं लागेल. शेवट असा आहे. माझं उत्तर ऐकून दुसऱ्या बाकावरची तशीच उभी होती, तिचं समाधान झालं नव्हतं, आणि ती पुढचा प्रश्न विचारणार एवढ्यात घंटा झाली. शिपायाने ती पाच मिनिटं लवकर दिली होती. माझ्या मनगटावर घड्याळ आहे, मी ते पाहिलं. एरवी उदाहरण पुरं होईपर्यंत मी मुलांना उठू देत नाही. परवा मी खडू खाली ठेवला आणि सगळ्यांच्या आधी वर्गाबाहेर पडले.