फणसाच्या वतीनं

आई,

परसातला फणस मी कापून घेतला. हे आधीच सांगते, कारण कुठलीही गोष्ट घोळवून सांगितलेली तुला खपायची नाही. "मुद्द्याचं बोल, न्हाईतर गप ऱ्हा," म्हणायचीस, आणि मी बहुतेक वेळा गप राहायचे.

तू गेल्यावरही वैशाखातली आखणी मी सोडलेली नाही. ऊन कलल्यावर तू पदर खोचून परसात उतरायचीस आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तुझ्या मागे. घरात वाचता येणारी मी पहिलीच, म्हणून ते काम माझं. "मिरुग कधी निगतोय बघ," तू म्हणतेस, मी तारीख सांगते, आणि तू पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ मारत निघतेस. हितं दुधी, हितं दोडका, कुंपणाला कारली, मोरीच्या पाण्यावर अळू. आळी आत्ताच खणून ठेवायची, म्हणजे माती पाऊस येईपर्यंत ऊन खाते. वांग्या-मिरचीची रोपं आषाढात लावायची, मेथी आणि मुळा दिवाळी झाल्यावर, लिंबाच्या बुडाशी शेणखत पावसाआधी. एका आळ्यात तीन बिया टोकायच्या आणि हातभर वेल झाला की एक ठेवून दोन उपटायचे. ते उपटायचं काम तू मुद्दाम मला द्यायचीस. एकदा मी कुठला ठेवू म्हणून बसून राहिले, तर तू मागून आलीस, तिन्ही वेल उपटून माझ्या मांडीवर टाकलेस आणि म्हणालीस, "घे. आता कर माया." त्या साली त्या आळ्यात काहीच लावू दिलं नाहीस. रिकामं आळं पावसाळाभर माझ्यासमोर ठेवलंस.

आखणीतलं शेवटचं काम फणसाचं. वेल्ह्याकडच्या तुझ्या माहेराहून तू आठळी आणली होतीस. तिकडच्या पावसात बुंध्यापासून लगडणारं झाड इकडे भोंगवलीच्या बाजूला नुसतं उंच वाढलं. पाला भरपूर, फळ एक नाही. न धरणाऱ्या झाडाला भीती घालायची ही तुमच्याकडची रीत. एकानं कोयता घेऊन झाडाला घाव घालायचा, "औंदा तोडतेच तुला," म्हणायचं. दुसऱ्यानं मध्ये पडून झाडाच्या वतीनं गयावया करायची, "राहू दे, पुढच्या सालाला धरंल." मग कोयतेवाल्यानं जरा कुरकुर करून कोयता खाली घ्यायचा. कोयता दरवर्षी तुझ्या हातात आणि गयावया माझ्याकडे. मी नीट बोलले नाही तर तू परत बोलायला लावायचीस. "आगं, झाडाला ऐकू गेलं पायजे. मेल्यागत काय बोलतीस." मला ते खोटं आहे हे कळायचं, तरी घाव पडला की मी बुंध्याला हात लावून बघायचे.

नववीत मी गणितात नापास झाले. निकाल घेऊन आले तेव्हा तू पाणी तापवायच्या चुलीपुढे होतीस आणि आण्णा पायरीवर बसून विडी ओढत होते. तू माझं दप्तर घेतलंस आणि चुलीच्या तोंडाशी ठेवलंस. अगदी आत नाही, पण पट्ट्याला धग लागत होती. नंतर तो पट्टा कडक झाला होता, म्हणून एवढं मी खात्रीनं लिहू शकते. आण्णांकडे बघून तू म्हणालीस, "अवो, हिचं नाव काढा शाळंतनं. खतपानी घालून काय उपेग? शिवऱ्याला हायवेवर चहाच्या टपरीत कपबशा धुईल, चार पैसं तरी यील." आण्णांनी विडीचा झुरका घेतला. तू पुन्हा म्हणालीस, जरा मोठ्यानं, "ऐकलं का? काढतेच म्हनते मी." आण्णांनी विडी विझवली आणि विझलेलीच हातात धरून बसले. मी त्यांच्याकडे बघत उभी आहे. माझ्या बाजूनं एक वाक्य यावं, कसलंही, म्हणून उभी आहे. ते आलं नाही, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "राहू दे ना आई. पुढच्या वर्षी पास होईन."

तू हसलीस. "बगा वो, झाडच बोलाय लागलं," म्हणालीस, दप्तर पायानं मागे सारलंस आणि आण्णांकडे बराच वेळ बघत राहिलीस. मला वाटलं, तू त्यांना माझी फजिती दाखवते आहेस. त्या हसण्यावर मी नववी पुन्हा काढली, दहावी काढली. बारावीत असताना तू गेलीस, तेव्हा भोरच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून मी रडले, पण ते हसणं तेव्हाही विसरले नव्हते. पुढे कॉलेज झालं, शिवऱ्याला एका ऑफिसात नोकरी लागली. रोज हायवेवरच्या टपऱ्यांपुढून जाते आणि तिथल्या बायकांच्या हाताकडे बघत नाही.

यंदा वैशाखात आखणी करताना फणसाची सावली भाजीच्या वाफ्यावर पार पुढपर्यंत आलेली दिसली. दुपारनंतर ऊनच नाही, वेल नुसते लांबतात. मला तुझी रीत आठवली. आण्णा पायरीवर होते. गुडघ्यांमुळे आता तेवढंच त्यांचं फिरणं. मी म्हटलं, "आण्णा, मी कोयता घेते, तुम्ही झाडाच्या बाजूनं बोला." ते हसले. "मला न्हाई जमायचं त्ये. त्या टायमालाबी जमलं न्हवतं."

"कुठल्या टायमाला?"

"तुझ्या नापासाच्या. तुझ्या आईनं सकाळीच सांगून ठिवलं व्हतं मला. म्हनली, पोरगी नापास हाय, मास्तर बोललेत. सांच्याला म्या दप्तर चुलीपाशी ठिवीन, मंग तुमी म्हना, राहू दे, पुढच्या सालाला व्हईल पास. जरा भ्याली म्हंजी अभ्यास करंल."

"मग बोलला का नाहीत?"

आण्णांनी गुडघा चोळला. "मला वाटलं, सुटली तर सुटली. लई शिकली तर स्थळ कुठं हुडकायचं? आन आता बघ, तसंच झालं का न्हाई. चहा टाकतीस का जरा?"

मी चहा टाकला. साखर बेताची घातली, त्यांना गोड चालत नाही. कप पायरीवर ठेवला आणि राहिलेली आळी खणायला गेले. दुसऱ्या दिवशी फणस तोडायच्या परवानगीचा अर्ज केला. कारण खरंच लिहिलं, की भाजीच्या वाफ्यावर सावली येते. परवानगीशिवाय माझ्यानं फांदीसुद्धा तोडवली नसती, हे तुला माहीत आहे.

परवानगी आल्यावर कापणारा मशीन घेऊन आला. "ताई, फनस खायला मिळंल म्हनून लगबगीनं आलो, हितं तर नुसता पाला," म्हणाला. त्यानं मशीन चालू केलं तेव्हा आण्णा भिंतीला धरून परसात उतरले. ते कुठे बघत होते? झाडाकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, "राहू दे की. पुढच्या सालाला धरंल." मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्या माणसानं मशीन बंद केलं, आणि आण्णांना तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. छान म्हणाले. तू शिकवलं असतंस तसंच.

"काय करू, ताई?"

"कापा," मी म्हटलं.

आता वाफ्यावर दिवसभर ऊन असतं. दुधी चढलाय. आण्णा आणि मी एकत्र जेवतो, कालवणात मीठ कसं झालंय तेवढं बोलतो. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर तुझ्यावरचा राग उतरेल. न्यायानं उतरायला हवा होता. मी बसून तपासून पाहिलं, कारणं शोधली, तुझी बाजू मांडली. उतरला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तू मला एका वाक्यात सांगू शकली असतीस, की तो नुसता कोयता होता. सांगितलं नाहीस. त्यांच्यावर नवा राग आला, तुझ्यावरचा जुना जागच्या जागी आहे.

तुला आलेलं कुठलंही पत्र मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि एवढा शेवट मी गाळून वाचला असता.