डुकरीण जप्त केल्याबद्दल

नौपाडा, ठाणे
मे १९८८

तीर्थस्वरूप शिवरामदादांस धाकट्या मावसभावाचा, त्र्यंबकचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? बदलापूरची हवा मोकळी, तेव्हा सगळे बरे असेल असे धरून चालतो. (इथे धरून चालण्यासारखे काही उरलेले नाही.)

दादा, आमच्या खात्याला वरून फर्मान आले. डुकरे पाळणाऱ्यांकडे जनावरांचे हाल होतात का ते पाहा आणि मांसाच्या पाकिटावर आत काय आहे ते स्वच्छ मराठीत लिहून घ्या. साहेब म्हणाले, "त्र्यंबकराव, तुम्ही खात नाही, म्हणजे तुम्ही निःपक्षपाती." झाले! चातुर्मासात कांद्यालासुद्धा न शिवणारा मी डुकरांच्या मागे.

सुरुवात गल्लीतल्याच दुकानापासून केली. तिथल्या पाकिटांवर नुसते 'खास खिमा'. मी 'डुकराचे मांस' अशा ठसठशीत चिठ्ठ्या लावायला लावल्या. रविवारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मधुकाका नेहमीचे पाकीट घ्यायला गेले आणि चिठ्ठी वाचून तिथल्या बाकावरच बसले. डॉक्टरांनी अशक्तपणावर मटण सांगितले म्हणून वर्षभर घरच्यांना चोरून तेच खात होते म्हणे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. अहो, मी का खाऊ घातले? मी फक्त वाचायला लावले!

मग खाडीकाठच्या दिवा गावी गेलो. तिथल्या काळुराम कोळ्याने खाडीत मासा मिळेना म्हणून डुकरे पाळली आहेत. एक डुकरीण इतक्या अरुंद खणात, की तिला वळता येईना. नियम म्हणतो, वळता आलेच पाहिजे. मी म्हटले, जागा वाढव. तो म्हणाला, "साहेब, आमी सात जनं एका खोलीत. एकानं कूस बदलली तर सगल्यांना बदलायला लागते. हिला कुठून जागा देऊ?" मी जप्तीचा कागद भरला. (उत्तर सुचले नाही की सरकारी माणूस जप्ती करतो.) काळुरामची आई हौसाबाई डुकरिणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तिला रातच्याला भाकर लागते हां, नायतं वरडते." मला त्या वेळी फार वाईट वाटले, पण टेम्पो येऊन उभा राहिला होता.

कचेरीत जप्त जनावर ठेवायला जागाच नाही. साहेब म्हणाले, "जप्ती तुमची, ताबाही तुमचा." आता डुकरीण आमच्या इमारतीमागे स्कूटरच्या शेडमध्ये आहे. तिला तिथे छान वळता येते. काल वळली आणि मधुकाकांची स्कूटर आडवी केली. भाकरीशिवाय खरोखरच ओरडते. प्रमोदिनी रोज माझा उद्धार करत तिच्यासाठी भाकऱ्या थापते. (मला लग्नाच्या दहा वर्षांत एक मिळाली नाही.) सोसायटीने मला नोटीस दिली आहे.

असो. मन मोकळे केले, इतकेच. मागणे काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
त्र्यंबक

ता.क. तुमचा गोठा रिकामा असल्याचे तुमच्या सरोजकडून कळले. टेम्पो रविवारी सकाळी निघेल.

ता.ता.क. पाकीट चिकटवणार, एवढ्यात प्रमोदिनीची हाक आली. डुकरीण व्याली! (गाभण ओळखण्याबद्दल नियमात एक अक्षर नाही.) निरोप मिळताच हौसाबाई दिव्याहून आल्या. शेडमध्ये ठाण मांडून बसल्या आहेत आणि पिल्लांना सोडून हलायला तयार नाहीत. तेव्हा ओटीवर एक अंथरूण घालून ठेवावे. त्या जप्त नाहीत, स्वखुशीने येत आहेत.