सात चाळीसच्या तीन घंट्या

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा. गाव छान आहे, म्हणजे नसल्यासारखं आहे. धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्च आणि बाकी नुसता वारा. क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलात निरोपाचा केक कापला तेव्हा सगळे माझ्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघत होते. एकतीस वर्षं लोकांची पोटं उघडली आणि शिवली, पण गेल्या वर्षी हात जरा थरथरायला लागले तर मला रस्ता दाखवला. हरकत नाही. इथे हातांचं कामच नाही. इथे फक्त 'नाही' म्हणायचं आहे, आणि ते मला जन्मतःच येतं.

ऑफिस एका बंद पडलेल्या मॉलमध्ये आहे, पूर्वीच्या कपड्यांच्या दुकानात. विमा कंपनीने भिंतींना रंगसुद्धा दिलेला नाही. आम्ही बावीस डॉक्टर ओळीने टेबलांवर बसतो आणि फोन करायला जुन्या ट्रायल रूममध्ये जातो. मला तीन नंबरची मिळाली. पडदा आहे, कडीचं अर्धं दार आहे, आणि तीन बाजूंना आरसे तसेच आहेत. आत बसलं की तीन डॉक्टर हॅस्केट दिसतात. तिघांचं एकमत असतं. इतकी चांगली वैद्यकीय चर्चा मी क्लीव्हलंडमध्ये कधी पाहिली नाही.

आमची मुख्य मार्लिस नावाची नर्स आहे, पासष्टीची, गोड बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी माझ्या स्वतःच्या विम्याचे कागद भरून घेतले. 'तुमचे डॉक्टर कोण' या रकान्यापाशी मी हसलो. या गावात एकच दवाखाना आहे आणि तिथला पोरगा स्टेथोस्कोप उलटा लावत असेल. मी माझंच नाव लिहिलं आणि फोन नंबर तीन नंबरच्या खोलीचा दिला. मार्लिस म्हणाली, असं बरेच डॉक्टर करतात हो, पण नीट विचार करा, नंतर नोव्हेंबरपर्यंत काही बदलता येत नाही. मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरा डॉक्टर नोव्हेंबरपर्यंत इथे येणार आहे का?

गुरुवार, ७ मार्च

काम पोरखेळ आहे. एखाद्या सर्जनला शस्त्रक्रिया करायची असते, तो आमच्याकडे पूर्वमंजुरी मागतो. फायलीवर नाव नसतं, नुसता आकडा, वय आणि आजार. आपण 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' असं लिहायचं. मग कायद्याप्रमाणे आपणच त्या सर्जनला फोन करायचा, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येते. तीन दिवस, रोज एक फोन, प्रत्येक वेळी तीन घंट्या. उचलला नाही तर नकार कायम.

माझ्या शेजारी प्रुइट बसतो. आयुष्यभर लोकांचे मुरुम बघितले, आता हृदयांचा निकाल देतो. बिचारा दुपारी फोन करतो, सर्जन उचलतात, तासभर त्याची हजेरी घेतात. मी त्याला विचारलं, अरे, सर्जन सकाळी सात चाळीसला कुठे असतो? सात चाळीसला सर्जन हात धुऊन, हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीपुढे वर धरून उभा असतो. त्या हातांनी तो स्वतःचं नाकसुद्धा खाजवू शकत नाही, फोन काय उचलणार! मी आज सहा फोन केले, सहाही नुसते वाजले. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरच्या फोनची ती घंटा मी एकतीस वर्षं ऐकली आहे. दहा मिनिटांत काम संपलं.

शुक्रवार, १५ मार्च

आज आमदारांची समिती आली होती. मार्लिसने लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. तीन घंट्यांचा नियम यांच्याच कर्तबगारीतून आला, हे मला आजच कळलं. एक बाजू म्हणत होती, पेशंटच्या डॉक्टरशी पूर्ण बोलल्याशिवाय नकार देऊच नये. दुसरी म्हणत होती, असं केलं तर सगळ्यांचे हप्ते वाढतील आणि ज्यांना आज विमा परवडतो त्यांनाही परवडणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून दोघांनीही अंग काढून घेतलं. कायद्यात लिहिलं, 'प्रामाणिक प्रयत्न करावा'. प्रामाणिक म्हणजे किती, यावर चार महिने वाद घातला आणि तीनवर तडजोड केली.

एका आमदारीणबाईंनी हळव्या आवाजात मला विचारलं, डॉक्टर, तुम्हाला हे निर्णय अवघड जात नाहीत का हो? मी म्हटलं, अवघड निर्णय तुमचे, बाई. तुम्ही ते घेतले नाहीत, म्हणून मला पगार मिळतो. बाईंनी आणखी एक वडी घेतली.

दुपारी मार्लिसच्या सांगण्यावरून मी सगळ्यांना सात चाळीसची युक्ती शिकवली. एकवीस डॉक्टर शाळकरी पोरांसारखे वह्यांत लिहून घेत होते. टाळ्यासुद्धा वाजल्या.

मंगळवार, १९ मार्च

समोरच्या खाणावळीत एक बाई वाढते, लिबी क्वास्निका. त्रेचाळीसची असेल. इथले लोक मांस-राजम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खातात, आणि वर तेच बरोबर आहे असं समजतात. मी नाक मुरडलं तर लिबी म्हणाली, 'राजा, आधी बुडवून खा, मग तोंड वाकडं कर.' बुडवून खाल्ला. वाईट नव्हता, पण तिला सांगितलं नाही.

ती टेबलापासून टेबलापर्यंत जाताना मध्ये खुर्ची धरून थांबते. ओठ निळसर. मी सवयीने मनात निदान केलं: हृदयाची झडप आकसली आहे. विचारलं तर म्हणाली, ऑपरेशनचं ठरलंय, विमावाल्यांचं कोणीतरी माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करणार आहे म्हणे, फोन झाला की झालंच. 'तू त्या मॉलमध्येच बसतोस ना? ओळखीचं कोणी असेल तर सांग ना, जरा लवकर करा म्हणावं.'

मी म्हटलं, बघतो.

बुधवार, २७ मार्च

खाणावळीवर काळी फीत. लिबी काल सकाळी चिलीचं पातेलं उतरवताना गेली. पातेलं आधी ओट्यावर नीट ठेवलं, मग पडली, असं मालक दोनदा सांगत होता.

परत येऊन फायली चाळल्या. त्रेचाळीस वर्षं, स्त्री, झडप. मी सही केलेली आहे, २० तारखेला. म्हणजे तिने मला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी! फोन २०, २१, २२, सात चाळीस, तीन घंट्या. माझ्याच अक्षरात 'प्रामाणिक प्रयत्न केला' असं आहे.

मी फाईल उघडलीच नव्हती. वरचं पान बघून सही केली. सगळेच तसं करतात. मला लाज वाटते असं इथे लिहायला हवं बहुतेक. वाटते. पण तिच्या त्या डॉक्टरीणबाईंनी थिएटरात भिंतीवरच्या फोनजवळ एखादा मदतनीस उभा करायला नको होता का? आणि लिबीने तरी निळे ओठ घेऊन पातेली कशाला उचलायची? सगळे मूर्ख आहेत आणि मी त्यांच्यावर सही करतो.

मंगळवार, २ एप्रिल

आज सात चाळीसला एका पित्ताशयासाठी फोन लावला. तिसऱ्या घंटीला कोणीतरी उचलला.

थिएटरचे आवाज होते. नळीतून रक्त ओढल्याचा आवाज, ट्रेमध्ये चिमटा टाकल्याचा. मग एक बाई म्हणाली, डॉक्टरांचे हात अडकलेत राजा, मी फोन धरून ठेवते, तू ठेवू नकोस हं.

मी ठेवला.

मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, थिएटरमधली एखादी नर्स असेल हो, सुट्टी घ्या एक दिवस. प्रुइट म्हणाला, तुमच्याच युक्तीला घाबरलात की काय? हा मुरुमवाला मला हसतो!

शुक्रवार, ५ एप्रिल

तीन दिवसांत अकरा फोन. अकराही हॉस्पिटलं वेगळी. अकराही वेळा तीच. काल म्हणाली, बुडवून खाल्लास ना, बरं लागलं की नाही? आज नुसती श्वास घेत होती, ती खुर्ची धरून थांबायची तसा.

मधल्या आरशातला मी फोन धरून होतो. डावीकडच्याने हात वर केले होते. दोन्ही, छातीपुढे, कोपरं बाहेर. मी मान वळवली, त्याने वळवली नाही.

जिना चढताना दम लागतो. स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावला. ती घरघर मी ओळखतो. झडप.

सोमवार, ८ एप्रिल

गावातल्या दवाखान्यातल्या त्या पोराने गेल्या शनिवारीच माझी तपासणी केली. स्टेथोस्कोप सरळ लावला होता. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, सर, हे ऑपरेशन आठवड्याभरात करायला हवं, मी क्लीव्हलंडला कळवतो, पण मंजुरीशिवाय तिथे टेबलावर घेणार नाहीत. मंजुरी माझ्या डॉक्टरने मागायची. माझा डॉक्टर मी. म्हणून अर्ज मीच भरला, शनिवारीच पाठवला, खाली मीच सही केली. थरथरत्या अक्षरात.

आज सात चाळीसला ऑफिसात शिरलो तेव्हा तीन नंबरच्या खोलीतून शेवटची घंटी ऐकू आली. कोणाचा चुकीचा नंबर, असं वाटलं. त्या खोलीत मला बाहेरून फोन कधी आलाच नव्हता.

मग बसल्यावर कळलं. माझ्या डॉक्टरचा नंबर म्हणून मी हाच दिला होता.

मंगळवार, ९ एप्रिल

पत्र आलं. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. पहिला फोन झाला, उत्तर नाही. म्हणजे बाकीच्या एकवीसांपैकी कोणीतरी, माझ्याच युक्तीने— फायलीवर नुसता आकडा, त्यालाही माहीत नाही कोण ते.

मार्लिसकडे गेलो. कोणाकडे आहे माझी फाईल? म्हणाली, ते सांगता येत नाही हो, तुमच्याच न्यायासाठी आहे तो नियम. माझा डॉक्टर बदलून द्या म्हटलं. नोव्हेंबर, म्हणाली. मी ओरडलो. मग तीही रडली थोडी, मला वडी दिली.

टेबलावर उभं राहून सांगितलं सगळ्यांना, तो मी आहे, माझा फोन आहे तो! सगळे खाली बघत होते. प्रुइट म्हणाला, नाव कळलं तर फाईल परत पहिल्यापासून सुरू करावी लागते, डॉक्टर, सहा आठवडे. गप्प बसा. तुमच्या भल्याचं सांगतो.

आज सात चाळीसला मी धावत आलो होतो. पडद्यापर्यंत पोचलो. पडदा बाजूला करायला हात पुढे केला आणि हात— वर राहिले. माझेच. दोन्ही. घंट्या संपल्यावर खाली आले.

उद्या शेवटची.

बुधवार, १० एप्रिल

सात पंचवीस. तीन नंबर. रात्रभर इथेच होतो, कडी लावून. फोन मांडीवर घेतलाय. डाव्या हाताने उचलायचा, उजव्याने लिहीत राहायचं. हाताला काम असलं की तो शहाण्यासारखा वागतो. डाव्या मनगटाला फोनची वायर गुंडाळली आहे.

उचलला की काय म्हणायचं ते पाठ केलंय. मी पेशंटचा डॉक्टर बोलतोय. पेशंट एकसष्ट वर्षांचा आहे. पेशंट वाईट माणूस आहे, पण आवश्यक— तुम्ही नीट ऐका. फाईल उघडा. फक्त उघडा.

सात सदतीस. हात थरथरत नाहीत. अजिबात. वर्षभरात पहिल्यांदा.

आरशातले तिघेही तयार आहेत. टोपी, मास्क. मी टोपी घातलेली नाही.

चाळीस.

एक.

डावा वर गेला. वायर तुटली. पडद्याबाहेर तीच आहे, म्हणतेय, कुठे लावू नकोस हं राजा, आत्ताच धुतलेत.

दोन— उजवाही आता