आत्मसंरक्षणाचा विग्रह

धरमपेठ, नागपूर
रविवार, ८ डिसेंबर १९७४

ती. शोभाताईस,

मनोहरचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. ते माझ्यावर रागावले असले तरी नमस्कार घ्यायला हरकत नसावी, त्याला लायसन लागत नाही.

तुझं पत्र आणि सावनेरच्या संत्र्यांची करंडी एकाच दिवशी पोचली. संत्री गोड निघाली. पत्राबद्दल तसं म्हणवत नाही. सुभद्रेने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ताईंचं काय चुकलं? तुम्ही त्यांना खरं सांगितलंच कुठे?" बायको असं बोलायला लागली की मी वर्तमानपत्र उघडतो. या वेळी तेही हाताशी नव्हतं.

इथे थंडी बरी पडली आहे. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून राहिलो आहे. एका पोराने 'वाघ'चं अनेकवचन 'वाघीण' असं लिहिलं. त्याच्या घरी आई एकटीच पुष्कळ असावी. मी अर्धा मार्क दिला.

बाबा आहेत तसेच. लकव्याने उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभ तेवढी परत आली आणि आल्यापासून ती सुट्टी घेत नाही. परवा डॉक्टरांनी विचारलं, "महादेवराव, आज कसं वाटते?" तर म्हणाले, "अर्धा माणूस आहो, अर्धंच सांगतो." डॉक्टर हसले. मीही हसलो. आपल्या घरात हसणं स्वस्त आहे.

आता रायफलीचं. तू लिहितेस, 'वडील जिवंत असताना त्यांची बंदूक विकायला काढणारा मुलगा कोणत्या मातीचा असतो?' तुझ्याच मातीचा, ताई. फक्त ते खाटेवर असतात माझ्या घरी.

कारणं सांगतो. सरकारने शिकार बंद केली. जंगलात आता बाबांपेक्षा वाघाची वट जास्त आहे. विलायती काडतुसं बाजारात मिळत नाहीत. आणि लायसन दर वर्षाअखेर नवं करून घ्यावं लागतं. मागच्या महिन्यात मी त्यासाठी कचेरीत गेलो होतो. तिथल्या बाबूने कागद पाहिला आणि म्हणाला, "शस्त्र कशापायी पाहिजे, तं इथं 'शिकार' लिहून आहे. आता शिकार चालत नाही."

मी विचारलं, "मग काय लिहायचं?"

"शेती आहे का तुमच्या वडिलांच्या नावानं?"

"होती. लाकडाच्या ठेकेदारीत गेली."

"मंग 'आत्मसंरक्षण' लिहा. सारे तेच लिहितात. कोणापासून ते कोणी इचारत नाही."

मी टाक उचलला आणि थांबलो. पंधरा वर्षं समास शिकवतो आहे, ताई, सवय जात नाही. आत्मसंरक्षण. विग्रह कसा करायचा? स्वतःचं संरक्षण म्हटलं तर षष्ठी तत्पुरुष. स्वतःपासून संरक्षण म्हटलं तर पंचमी. बाबू म्हणाला, "मास्तर, शब्द सोपा आहे, लिहा ना." मी कागद घडी करून खिशात घातला आणि तिथून थेट सीताबर्डीवर ओमप्रकाशच्या दुकानी गेलो. बाबांची बंदूक तो तीस वर्षं साफ करत आला आहे. त्याला म्हणालो, विकायची.

ही कारणं मी भाऊजींना कळवली. त्यावर ते म्हणतात, संत्र्याच्या बागेत रानडुकरं माजलीत, पीकसंरक्षणाचं लायसन मी काढतो, बंदूक सावनेरला पाठवा, म्हणजे घरातली घरात राहील. सरळ माणूस आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. नाही म्हणायला मला एक कारण पुरलं असतं, पण ते सोडून मी बाकीची सगळी लिहीत बसलो.

ते आता लिहितो. तुला लागेल, म्हणून तीन आठवडे लांबवलं.

तू भाऊबिजेला आलीस. बाबा म्हणाले, "शोभे, पेटी काढ वं. काडतुसाईले ऊन दाखवू." तू पेटी काढलीस, सुपात काडतुसं पसरून अंगणात ठेवलीस, बाबांची खुर्ची उन्हात ओढलीस आणि रायफल त्यांच्या मांडीवर ठेवलीस. डाव्या हाताने ते तिला कुरवाळत राहिले. तू मला दारामागे ओढून रडलीस. म्हणालीस, "मन्या, पाह्य गा, बाबा हासून राहिले. ही त्याहीच्या डोळ्यांपुढून हलवू नको."

हसत होते, खरं आहे. तू म्हणतेस रायफल पाहून. मी बाजूने पाहत होतो, ताई. ते सुपाकडे पाहत होते.

तू गेलीस त्याच दुपारी सुभद्रा त्यांची चादर बदलायला गेली. परत आली ती पदरात काहीतरी धरून, विंचू धरावा तसं. उशीच्या अभ्र्यात एक काडतूस होतं.

मी ते घेऊन बाबांकडे गेलो. "बाबा, हे काय?"

"काडतूस. मास्तर झाला तं ओळखू येत नाही का तुले?"

"उशीत काहून ठेवलं?"

"मंग कोठं ठेवू? खिसा या बाजूले, हात त्या बाजूले."

मला वाटलं, विनोद झाला, संपलं. मी वळलो. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "मन्या, मले एका हातानं भरता येत नाही गा. तू भरून दे. आन मंग सुभद्रेले घेऊन बजारात जाय. बाकी मी पाहून घेतो."

ते मला समजावायला लागले, लहानपणी पाढे समजावत तसे, न रागावता. "जखमी जनावर रानात टाकून जो घरी येऊन जेवाले बसते, त्याले आम्ही शिकारी म्हनत नव्हतो. अंधार पडो का काटे लागो, मांगं जाऊन त्याचं पुरं करावं लागे. तुले न्यायचो तेव्हा पाह्यलं ना तू."

"तुम्ही जनावर नाही, बाबा."

"म्हनूनच तं मांगून राहिलो. जनावर मांगत नाही."

मी म्हणालो, "चहा निवून राहिला." खरंच म्हणालो, ताई. चहा निवून राहिला.

सुभद्रेने काडतुसं पेटीसकट शेजारी जिजाबाईंकडे नेऊन ठेवली, आत चांदीची भांडी आहेत म्हणून सांगितलं. जिजाबाई तेव्हापासून आमच्याशी फार आदराने वागतात.

तू म्हणशील, काडतुसं गेली, मग बंदूक का विकायची? हेच तुला सांगायला अवघड जातं. मला बाबांची भीती नाही. त्यांना एका हाताने काही जमत नाही, ते त्यांनीच सांगितलं. मला दोन हात आहेत. रोज सकाळी त्यांची चादर बदलताना, त्यांना कूस देताना, ते दात आवळून भिंतीकडे पाहतात. ज्या माणसाला गावंच्या गावं वाघाच्या शिकारीला बोलवायला यायची, त्याचं धोतर मी बदलतो, तेव्हा ते डोळे मिटून घेतात. एकदा मला वाटलं की यांचं मागणं रास्त आहे. मग वर्गात शिकवताना वाटलं. मग जेवताना. एका दुपारी जिजाबाईंच्या फाटकापर्यंत मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "मास्तर, काही पाहिजे का?" मी म्हणालो, विरजण. विरजण घेऊन घरी आलो.

बाबूसमोर माझा टाक अडला तो इथे. तो समास पंचमीच होता, ताई. आणि 'आत्म' म्हणजे बाबा नव्हते.

बंदूक सावनेरला गेली असती तर दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले असते, मलाही सावनेरला न्या. तू नेलं असतंस. आणि त्यांनी तुझ्याकडे तेच मागितलं असतं. तू मोठी लेक, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाहीस. म्हणून भाऊजींना नाही म्हणालो. पुढच्या भाऊबिजेला माझ्यावर रागावायला तुझं मन स्वच्छ राहिलेलं बरं.

मागच्या सोमवारी ओमप्रकाश विक्रीचा कागद घेऊन घरी आला. लायसन बाबांच्या नावाने, तेव्हा अंगठा त्यांचाच लागतो. त्याने माझ्या कानात सांगितलं, "मास्टरजी, बोल दीजिए रिनीवल का है. बुढ़ऊ को क्या पता चलेगा." मलाही ते पटलं होतं. पण बाबांनी विचारलं, "कायचा कागद आहे गा?" आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

मी वाट पाहत होतो की शिवी देतील. त्यांनी डावा हात पुढे केला, अंगठा सोडून बाकीची बोटं मुठीत मिटलेली. मी शाई लावली. ठसा नीट उमटला. मग म्हणाले, "घ्या."

मला वाटलं, ओमप्रकाशला म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा मला 'तुम्ही' म्हणतात. "तुम्ही जेवून घ्या." "तुम्ही काहून तरास घेता?" काल पाण्यासाठी हाक मारली, "मास्तर, पाणी देता का जरा?" जेवतात, औषध घेतात, डॉक्टरांशी विनोद करतात. सुभद्रेला अजून 'तू' आहे. शेजारच्या पोरांना 'तू' आहे. डॉक्टर म्हणतात, प्रकृती सुधारते आहे, अजून पाच वर्षं काढतील.

ओमप्रकाशने बंदूक अजून पुढे विकलेली नाही. महिनाअखेरपर्यंत ठेवतो म्हणाला, मन बदललं तर घेऊन जा. तू लिहितेस, आजच्या आज परत आण. आणली तर 'तू' परत मिळेल, हे मला ठाऊक आहे. त्यानंतर किती दिवस मिळेल, तेही ठाऊक आहे. मी जाणार नाही.

बाबांना भेटायला ये, पण मला पाठीशी घालू नकोस. त्यांच्यासमोर मला चांगल्या शिव्या दे, त्यांना तेवढं तरी बरं वाटेल. आणि शिव्या देताना हाक नेहमीचीच मार. या घरात ती आता कोणी मारत नाही.

तुझा
मन्या