बेगिमायला त्याच दिवशी वर नेलं

नारीन, अकरा मार्च, बुधवार

माझ्या जिपारला आईचे तोंडभर आशीर्वाद.

ओशला थंडी ओसरली का? जावईबापू आणि त्यांची लाडकी घोडी बरी आहेत ना? इथे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या कालिपाला पत्र लिहायला समोर बसवलंय. लहानपणी मी शाळेऐवजी मेंढ्यांमागे गेले, त्याची शिक्षा आता ती भोगतेय.

बातमी अशी, की तुझ्या भावाला, मेलिसला, मुलगी झाली. दोन महिने आधीच, सिझर करून. वजन तेराशे ग्रॅम. आपला कोंबडा याहून जड भरेल. ती इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी. आणि तिची आई, आपली बेगिमाय, पहिल्या मजल्यावर टाके सांभाळत पडलेली.

आता म्हणे आईला पहिल्याच दिवशी वर जाता येतं. पण नेणार कोण? बाळंतिणी अकरा, नर्स दोन, आणि चाकांची खुर्ची एकच, तीही धुण्याच्या गाठोड्यांखाली. त्यात दाराशी सासवांचा पहारा. बाळंतीण चाळीस दिवस बाहेर काढायची नाही, वारं लागतं. मेलिसही म्हणाला, "आई, चाळीस दिवस होऊ देत की. तूच म्हणायचीस ना?"

मी खुर्चीवरची गाठोडी खाली उतरवली.

"आजी, हे काय चाललंय?" नर्स म्हणाली.

"धुणं थांबेल गं. ते कुणाच्या दुधाची वाट बघत नाही."

डॉक्टरीणबाईंनी बेगिमायला तपासलं आणि जा म्हणाल्या. बाळ होऊन पाच तासही झाले नव्हते. वर गेल्यावर ती पेटीत हात घालायला तयार होईना. "मोडेल ती, आई," म्हणाली. नर्सनं तिचे हात धुतले आणि तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवून दिला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी चमचाभर दूध उतरलं, एवढंच.

तेव्हापासून खुर्ची माझ्या ताब्यात. काल तिघींना वर नेलं. एक सासू म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं चालत नाही."

म्हटलं, "घराणं बसू दे इथंच. सुनेला नेऊन आणते."

पोरगी जगेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी दमलेय, जिपार. खुर्ची ढकलून नाही.

तुझा मुलगाही त्याच तिसऱ्या मजल्यावर होता. आठ वर्षं झाली. तू रोज म्हणायचीस, मला त्याच्याकडे ने. आणि मी आपल्या घराच्या दारात बसून दिवस मोजायचे, चाळीस भरू देत म्हणून. हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते सांगते. नवव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. आईला घेऊन या, लवकर. तू आतून विचारलंस, कुणाचा गं? मी म्हटलं, लोकरवाल्याचा. आणि एकटी गेले.

वाटलं, थंडीत बाहेर नेलं तर तूही हातची जाशील. ते खरं होतं. आणि लोक मला नावं ठेवतील ही भीती होती, तीही खरी.

मी त्याला पाहिलं. कान तुझ्यासारखे, बाहेर आलेले. डाव्या खांद्यावर तीळ. केस मऊ, काळे, पार भुवयांपर्यंत. नर्स म्हणाली, हात लावा. मी हात धुतले, पण लावला नाही. वाटलं, पहिला हात आईचा. दुपारी तो गेला.

तुला म्हटलं, सकाळीच गेला, कुणाला बोलावायला वेळच मिळाला नाही.

कालिपानं पेन खाली ठेवलंय. उचल म्हटलं.

माफी मागायला मला तोंड नाही. पण घरातलं त्याला पाहिलेलं माणूस मी एकटीच आहे, आणि माझं वय झालंय. त्याची बोटं, नखं, काय विचारायचं असेल ते विचार. मला सगळं आठवतं.

नवव्या दिवशी तुझ्या जागी गेलेली,
तुझी आई,
सायराकान